आत्याची वही छापायची आहे, पण दहाव्याची पानं काढा म्हणतात

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते, कारण थोडक्यात सांगितलं तर नीट कळायचं नाही.

माझी आत्या वाळवा तालुक्यात राहते. अंगणवाडी सेविका म्हणून तिची सगळी उमेद गेली. निवृत्त झाल्यावर तिनं दोनशेपानी वह्यांमध्ये स्वतःची हकिकत लिहून काढली. कुणाला सांगितलं नव्हतं. गेल्या वर्षी तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा तिनं त्या वह्या माझ्याकडे दिल्या आणि म्हणाली, "वाचून दाव मला, मी काय लिवलंय ते." वाचता वाचता आम्ही भाचरांनी ठरवलं की दिवाळीनंतर तिला पंचाहत्तरावं लागेल, तेव्हा हे छापायचं. शंभरेक प्रती, घरच्यांना आणि तिच्या जुन्या सेविका मैत्रिणींना. टाईप मी करते आहे.

आत्या चोविसाव्या वर्षी विधवा झाली. बहात्तरचा दुष्काळ नुकता सरला होता, उसाला रात्रीची लाईट असायची. मामा (आत्याचे यजमान) पाणी पाजायला गेले, मोटरचा स्टार्टर ओला होता, तिथंच शॉक बसला. आमच्यात पाट (विधवेचं दुसरं लग्न) लावत नाहीत, त्यामुळे पुढचा प्रश्नच आला नाही.

भांडण चाललंय ते दहाव्याच्या दिवसाच्या पानांवरून. आत्यानं तो दिवस अगदी बारकाईनं लिहिला आहे. नदीवर बायका जमल्या. सवाशिणीनं बांगड्या फोडायच्या कामाला हात लावायचा नसतो, म्हणून सासू आणि जावा मागं सरल्या. भावकीतली एक म्हातारी विधवा होती, ती त्या दिवशी तापानं पडून होती. मग कुणीतरी म्हणालं, हिची आई आलीये की, ती पण तसलीच आहे, तुझ्या लेकीचं तूच कर. माझी आजी आठ-दहा वर्षांपूर्वीच विधवा झालेली. तिनं दगड घेतला. आत्याच्या शब्दांत देते:

"आईनं माझा हात मांडीवर घेतला. कासार चुडा भरताना घेतो तसा. मला म्हणाली, डोळे मिट. मी मिटले न्हाईत. पहिला घाव चुकला तो तिच्या अंगठ्यावर बसला. तिचं रक्त आन् माझं रक्त एकाच काचंवर लागलं. जोडवी निघत नव्हती, तर साबण लावून काढली. ती जोडवी कुणी नेली ते मला आजून म्हाईत न्हाई."

दोन्ही काका म्हणतात, ही पानं नकोत. आई जाऊन वीस वर्षं झाली, तिनं काय हौसेनं केलं का, आता तिला चारचौघांत उभी करून काय मिळणार. माझे वडील काही बोलत नाहीत. काकांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. आजीनं माझ्या लहानपणी मला न्हाऊमाखू घातलं आहे. तिच्याबद्दल असं काही वाचायला मलाही जड गेलं.

पण वहीत याच्या पुढंही खूप आहे आणि ते या पानांशिवाय समजत नाही. उदाहरणार्थ, अंगणवाडीत एका पोरीनं विचारलं, बाई, तुमच्या कपाळाला काय न्हाई? आणि तिनं खडूनं आत्याच्या कपाळावर टिपका काढला. आत्यानं तो पुसला नाही. तसाच घेऊन गावातून चालत घरी आली. दुसऱ्या दिवसापासून तिनं काळी टिकली लावायला सुरुवात केली. भावकीत बोभाटा झाला, दीर दारात येऊन ओरडून गेला. आता सांगा, दहाव्याची पानं काढली तर ही टिकली म्हणजे नुसती एक टिकली राहते.

मला विचारायचंय ते असं. पूर्वीच्या बायकांनी हे सगळं लिहिलंय का, आणि लिहिताना घरच्या माणसांचं काय केलं? नावं घेतली, झाकली, की गाळूनच टाकलं? आणि तुमच्यापैकी कुणी घरातलं असं काही छापलं असेल तर काय अनुभव?

---

जुनीपुस्तके

ताई, मी पुण्यात ग्रंथालयात नोकरी केली, या विषयावरची पुस्तकं हातून खूप गेली. तुमच्या प्रश्नाला तीन-चार पुस्तकांची उत्तरं वेगवेगळी आहेत आणि ती शेजारी ठेवून बघण्यासारखी आहेत.

पहिलं, रमाबाई रानडे यांचं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी', १९१०. त्यांचे यजमान न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे १६ जानेवारी १९०१ रोजी गेले आणि पुस्तकही तिथंच थांबतं. रमाबाई त्यानंतर २३ वर्षं जगल्या. पुण्याचं सेवासदन उभं केलं, परिचारिकांचं शिक्षण सुरू केलं, येरवड्याच्या तुरुंगात बायकांना भेटायला गेल्या, स्त्रियांच्या मताधिकारासाठी झटल्या. विधवा म्हणून ज्या घरात आणि समाजात त्या वावरल्या त्याबद्दल त्या पुस्तकात काही नाही. पुस्तक नवऱ्याच्या आठवणींचं आहे, ते त्यांनी मनापासून लिहिलं आहे, मला ते फार आवडतं. पण विधवेचं आयुष्य शोधायला गेलात तर दार बंद.

तरीही एक गोष्ट त्यांनी झाकली नाही. त्या इंग्रजी शिकू लागल्या तेव्हा घरातल्या बायकांनी त्यांना किती छळलं ते त्यांनी स्वच्छ लिहिलं आहे. त्यात पुढं होती त्यांची नणंद दुर्गा. ही न्यायमूर्तींची सख्खी बहीण, विधवा. विधवाविवाहाचा कैवार घेणाऱ्या रानड्यांना घरातल्या बहिणीचं लग्न लावता आलं नाही, आणि स्वतः विधुर झाल्यावर वडिलांच्या शब्दाखातर अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न करावं लागलं. ती मुलगी म्हणजे रमाबाई. तुमच्या आजीच्या हातात दगड दिला गेला, तसंच दुर्गेच्या वाट्याला घराच्या रीतीची राखण आली. रमाबाईंनी तिचं वागणं लिहिलं म्हणून आज दुर्गा नावाची बाई होती हे आपल्याला माहीत तरी आहे.

आता दोन बहिणी घ्या, देवरुखच्या जोशींच्या. थोरली गोदू. आठव्या वर्षाच्या सुमारास लग्न, थोड्याच महिन्यांत वैधव्य, पुढं केशवपन. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन काढलं, त्यातली पहिली विधवा विद्यार्थिनी हीच. १८९३ साली तिनं धोंडो केशव कर्व्यांशी लग्न केलं आणि ती आनंदीबाई झाली, पुढं सगळ्यांची बाया. जोडपं कर्व्यांच्या गावी मुरूडला गेलं तर गावानं बहिष्कार टाकला. तिचं आत्मचरित्र 'माझे पुराण' १९४४ चं, सून कावेरी कर्वे यांनी संपादित केलेलं. भाषा थेट घरातली, कुठंही कौतुकाची झूल नाही. नवऱ्याबद्दलसुद्धा नाही. महर्षी कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, पण वर्गणी देणारे सनातनी लोक बिथरू नयेत म्हणून पुनर्विवाहित बायकोला आश्रमाच्या कामात मोकळेपणानं येऊ दिलं जात नव्हतं. हे दुःख बायांनी गिळलं नाही, लिहिलं.

धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले. विसाव्या वर्षी विधवा, पदरी मुलगा. तिनं पुनर्विवाह केला नाही. आश्रमाचं स्वयंपाकघर सांभाळलं, मग गावोगाव वर्गणीसाठी हिंडली. आता गंमत नाही, वेदना आहे यात: केशवपन केलेली, आलवणातली (विधवेच्या लाल लुगड्यातली) बाई म्हणून तिला सोवळ्या घरांत माजघरापर्यंत प्रवेश मिळे. त्या घरांत तिच्या सख्ख्या बहिणीला उंबरा ओलांडता आला नसता. पुढं तिनं केस वाढवले, तेही विचार करून, आणि त्याची कारणं पुस्तकात दिली. १९१८ साली निधी जमवायला ती अमेरिकेला गेली. इंग्रजी येत नव्हतं, तिथं लोकांच्या घरी कामं करून राहिली. 'माझी कहाणी' १९२८ चं. केस काढण्याबद्दल ती स्वतः काय मानत होती आणि ते मानणं कसं बदललं, हे तिनं लपवलं नाही. लहानपणापासून मनात रुजलेली गोष्ट उपटताना माणसाचं काय होतं ते त्यात दिसतं.

शेवटी बेबीताई कांबळे. त्या वेगळ्या काळातल्या आणि वेगळ्या समाजातल्या, विषयही वैधव्याचा नाही. पण तुमच्या प्रश्नाला त्यांचं उत्तर लागू आहे. 'जिणं आमचं' त्यांनी फलटणच्या दुकानात बसून लिहिलं आणि कित्येक वर्षं घरच्यांपासून लपवून ठेवलं. १९८२ पासून 'स्त्री' मासिकात आलं, १९८६ साली पुस्तक झालं. नवरा मारायचा हे त्यांनी पुस्तकात घातलं नाही. पुढं मुलाखतीत सांगितलं. म्हणजे गाळण्याचा हक्क त्यांनी वापरला. पण तो हक्क लिहिणारीचा होता. दिरानं, भावानं किंवा मुलानं पानं काढली नाहीत.

माझं मत एवढंच की तुम्ही काकांना विचारलंत, वडिलांना विचारलंत, आम्हाला विचारताय. आत्याला विचारलंत का?

---

वऱ्हाडची

ताई मी यवतमाळ जिल्ह्यातली. मले तुमच्यासारखं लिहिता येत नाही, फोनवर बोलून टाईप होते तसं टाकतो.

माझा नवरा गेला ते बोंडअळीच्या साली, २०१७. पोटात औषध घेतलं. लोकं आले, फोटो काढले. सरकारी मदत एक लाखाची, त्यातले तीस हजार हाती आणि सत्तर हजार ठेवीत. ते बी आधी कागद पात्र की अपात्र हे ठरल्यावर. जिवंत असताना त्याचं कर्ज कोणत्या बँकेचं, कोणत्या सावकाराचं, हे मी सांगू शकली म्हणून पात्र झाली. आमच्या गटातली एक बाई अपात्र ठरली.

२०१९ ले यवतमाळले साहित्य संमेलन झालं. लेखिका नयनतारा सहगल यांचं निमंत्रण मागं घेतलं आणि मग उद्घाटनाले वैशाली येडे यांना उभं केलं. आपल्यासारखीच शेतकऱ्याची बायको, एकटीनं लेकरं वाढवणारी. आम्ही गटाच्या बाया एकीच्या घरी जमून टीव्हीवर पाहिलं. एवढ्या मोठ्या लोकांसमोर ती उभी राहिली, तवा माझ्या शेजारची बाई रडली. मी नाही रडली. मले वाटलं, आपल्याले बी बोलता येते.

आता मुद्द्याचं. तुमच्या आत्याच्या वहीत बांगड्या आहेत, जोडवी आहेत, टिकली आहे. वावर कुठं आहे? तिच्या नवऱ्याचा ऊस होता म्हणता. त्या जमिनीच्या सातबाऱ्यावर तिचं नाव चढलं का? १९५६ च्या कायद्यानं नवऱ्याच्या हिश्श्यात बायकोचा वाटा पोरांच्या बरोबरीनं आहे. तुमचे मामा गेले तवा तो कायदा होताच. बांगड्या दहाव्याले फुटतात, वावर तेराव्याले जाते. हे मी माझ्या घरात पाहिलं आहे. माझा दीर कागद घेऊन आला तवा माझ्या भावानं मले फोनवर सांगितलं, सही करशील तर हात तोडीन. म्हणून आज माझ्या नावानं दोन एकर आहे.

आजीचं नाव राहू द्या की काढा, ते तुमचं तुम्ही पाहा. पण आत्याले जमिनीचं विचारा. वहीत नसेल तर विचारून लिहा. बाया बांगड्यांबद्दल बोलतात, कारण त्याच्याबद्दल बोललं तर कोणाचं नुकसान होत नाही. जमिनीचं बोललं की घर पेटते.

---

शिरोळचा मास्तर

मी हेरवाडच्या जवळचा, प्राथमिक शिक्षक. ४ मे २०२२ रोजी हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथाबंदीचा ठराव केला. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं, समारंभात मज्जाव करणं, हे सगळं बंद. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचं निमित्त होतं. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. त्या दिवसांत आमच्या भागात जो उत्साह होता तो मी डोळ्यांनी पाहिला आहे, म्हणून या विषयाची मला आस्था आहे.

पण माझं मत इथल्या बाकीच्यांहून वेगळं आहे. ताई, तुमच्या काकांचं ऐका असं मी म्हणेन, निदान अर्धं. ठराव झाल्यावरही दुःखाच्या घरी जाऊन 'बांगड्या फोडू नका' म्हणायला आम्ही चार माणसं जातो, तेव्हा काय होतं ते सांगतो. पुरुष गप्प असतात. अडवतात त्या म्हाताऱ्या बायका. त्यांना आम्ही 'तुमच्यामुळं हे चालतं' असं एकदा जरी म्हटलं तरी त्या कायमच्या तुटतात. एका घरी मयताची आई म्हणाली, माझ्या वेळी कुठं होता तुम्ही? मला उत्तर देता आलं नाही. तिच्या बांगड्या फुटल्या, तेव्हा कुणी ठराव केला नाही. आता सुनेच्या शाबूत राहिल्या तर तिच्या वाट्याला जे आलं ते फुकटच गेलं, असं तिला वाटत असणार.

म्हणून माझी सूचना अशी: 'आई'च्या जागी 'एक वडीलधारी बाई' करा. प्रसंग राहील, माणूस झाकलं जाईल. पुस्तक गावात फिरणार आहे. तुमच्या आजीला ओळखणाऱ्या बायका अजून हयात असतील. त्यांनी ते वाचून 'बघा, स्वतःच्या आईनं केलं' एवढंच ध्यानात ठेवलं, तर रूढी सुटते आणि बाई सापडते.

अजून एक. आपल्याकडे केशवपन नव्हतं, बऱ्याच जातींत पाटाची चाल होती, विधवेचं दुसरं लग्न सर्रास लागायचं. पुढं घराणं मोठं म्हणवून घ्यायचं तर पाट बंद, सोवळं सुरू, असं आपल्या लोकांनी स्वतःहून ओढवून घेतलं. तुम्ही 'आमच्यात पाट लावत नाहीत' हे एका वाक्यात लिहिलंय. आत्यानं त्याबद्दल काही लिहिलं असेल तर ते मात्र अजिबात गाळू नका.

---

रत्नांग्रीची

मास्तर, तुमचं काम मोठं आहे आणि तुमचा अनुभव मी खोडत नाही. पण 'एक वडीलधारी बाई' हे करू नका, अशी माझी कृष्णाकाठच्या ताईंना हात जोडून विनंती.

माझी पणजी बालविधवा. आमच्या घरात तिचा एक फोटो आहे. लाल आलवण, डोईवरून पदर, त्याखाली केस नाहीत. उजवीकडे कुणाचं तरी मूल मांडीवर. ते माझे आजोबा नाहीत, दुसऱ्या कुणाचं आहे. ती घरातल्या सगळ्यांची बाळंतपणं करायची एवढं आम्हाला माहीत आहे. ती काय बोलायची, न्हावी यायचा त्या दिवशी ती कुठं बसायची, तिला कधी राग आला का, यातलं काहीही आम्हाला माहीत नाही. तिचं नावही आम्हाला दोन सांगतात, माहेरचं कोणतं आणि सासरचं कोणतं ते नक्की नाही. फोटोतली ती आता खरोखरच 'एक वडीलधारी बाई' आहे.

१८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी नाभिकांची सभा भरवून विधवांचे केस काढणार नाही असं ठरवून घेतलं. त्याच्या कितीतरी आधी, १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, अडलेल्या विधवांना गुपचूप येऊन बाळंत होता यावं म्हणून. तिथंच जन्मलेल्या एका ब्राह्मण विधवेच्या मुलाला त्यांनी दत्तक घेतलं, तो यशवंत. हे सगळं मी शाळेत मुलांना शिकवते. शिकवताना दर वेळी मनात येतं की त्या गृहात आलेल्या बायकांपैकी एकीनं तरी चार ओळी लिहून ठेवल्या असत्या तर.

तुमच्या आत्यानं लिहिलं आहे. आईच्या अंगठ्याला लागलं हेसुद्धा लिहिलं आहे. ज्या बाईनं रागानं लिहायचं ठरवलं असतं तिनं तो अंगठा गाळला असता. मला तर ते वाचून आजीबद्दल माया वाटली. काकांनी ती ओळ स्वतः वाचली आहे का, की नुसतं कानावर आलंय?

---

कृष्णाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. रविवारी गावी जाऊन आले, ते सांगते.

रत्नांग्रीच्या ताई, काकांनी वाचलं नव्हतं. धाकट्या काकीनं त्यांना सांगितलं होतं. मी दोन्ही काकांना बसवून ती पानं मोठ्यानं वाचली. थोरले काका मध्येच उठून गोठ्यात गेले. धाकटे शेवटपर्यंत बसले आणि म्हणाले, आईच्या अंगठ्यावर वण होता, आम्हाला ती विळा लागला म्हणून सांगायची. पण मत बदललं का, तर नाही. अजूनही ते म्हणतात, छापू नका.

वऱ्हाडच्या ताई, तुमचं वाचून मी वही पुन्हा चाळली. जमिनीबद्दल सगळ्या वह्यांत मिळून एकच ओळ आहे. "तेराव्याला भाऊजींनी कागद आणला, मी सही केली." पुढं लगेच बालवाडीच्या ट्रेनिंगचं सुरू होतं. आत्याला विचारलं, कसला कागद होता? म्हणाली, "कुणी वाचून दावला? मला सातवीपर्यंत वाचता येत हुतं, पर त्या दिवशी डोळ्यापुढं अक्षर थांबत न्हवतं." म्हटलं, मग हे लिहिलं का नाहीस? तर म्हणाली, "दिराची पोरं आज मला दवाखान्यात नेत्यात. त्यांच्या पोटावर कसं लिवू?" मग बराच वेळ गप्प बसली. संध्याकाळी स्वतःच म्हणाली, काढ वही. जमिनीवर तिनं तीन पानं सांगितली, मी उतरवून घेतली. दीड एकर बागायत होती. ती घरातून निघाली तेव्हा तिला एक शिलाई मशीन मिळालं, तेही मामांनी लग्नात घेतलेलं, म्हणजे तिचंच. जुन्या फेरफाराची (जमिनीवरचं नाव बदलल्याच्या नोंदीची) नक्कल मिळावी म्हणून तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करणार आहे. जमीन परत मागायला नाही, आत्याला ती नकोच आहे. त्या कागदावर काय लिहिलं होतं ते तिला एकदा वाचायचं आहे, आणि नक्कल पुस्तकात छापायची आहे.

मास्तर, पाटाबद्दल तुम्ही विचारलंत. तेही तिनं सांगितलं, वहीत नव्हतं. मामांचा एक मावसभाऊ लग्नाला तयार होता. आजीचा होकार होता! आजोबांच्या भावानं मोडता घातला, आपल्यात हे चालत नाही म्हणून. म्हणजे ज्या आजीनं दगड घेतला तिनंच नंतर वर्षभर लेकीच्या दुसऱ्या लग्नासाठी दिराशी भांडण केलं. हे माझ्या वडिलांनाही माहीत नव्हतं. त्यांनी ते ऐकलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा बोलले, म्हणाले, हे पण घाल.

'एक वडीलधारी बाई' करावं का, तेही आत्याला विचारलं. तिचं उत्तर जसंच्या तसं: "दुसऱ्या बाईनं माझा हात धरला आसता तर मी हिसडून पळाले आसते. आई हुती म्हणून बसले. ते कसं बदलू?"

तर 'आई' राहणार. दहाव्याच्या पानांनंतर लगेच पाटाचं प्रकरण घ्यायचं असं आत्यानं ठरवलंय, जमिनीचं त्याच्या पुढं. दिराच्या पोरांना छापण्याआधी ती स्वतः वाचून दाखवणार आहे. धाकट्या काकांना मी म्हटलं, तुमचं म्हणणं तुम्ही दोन पानं लिहून द्या, तेही पुस्तकात शेवटी घालू, तुमच्या नावानं. ते लिहितो म्हणाले आहेत. थोरल्यांचं अजून काही नाही.

जुनीपुस्तके, 'माझे पुराण' आणि 'माझी कहाणी' आत्यासाठी हवी आहेत. ती आता बारीक टाईप वाचू शकत नाही, मीच वाचून दाखवेन. जुनी प्रत कुठं मिळेल ते कळवाल का?

---

वऱ्हाडची

ताई, फेरफाराच्या अर्जात गावाचं नाव, जुना गट नंबर आणि सर्व्हे नंबर दोन्ही लिहा. नुसता आताचा नंबर दिला तर सापडत नाही म्हणतात. नंबर माहीत नसेल तर दिराच्या पोरांच्या आताच्या सातबाऱ्यावर मागचे फेरफार क्रमांक असतात, तिथून मागं जाता येते. आणि एक प्रत मले पाठवा, आमच्या गटात वाचू. पैसे पाठवतो.

---

जुनीपुस्तके

दोन्हींच्या जुन्या प्रती मोठ्या सार्वजनिक ग्रंथालयांत मिळतात. सांगली किंवा कोल्हापूरच्या जुन्या नगर वाचनालयात आधी चौकशी करा, पुण्याला यावं लागणार नाही. नाही मिळाली तर मला इथेच निरोप टाका, मी इकडे बघतो. आत्यांना माझा नमस्कार सांगा. आणि पुस्तकात वह्यांमधलं त्यांच्या हस्ताक्षरातलं एखादं पान तसंच छापा, शक्यतो ते 'सही केली' वालं.